सातव्या शिक्क्यानंतरचा अर्धा तास

१ सप्टेंबर, रविवार

ही वही वहिनीने माझ्या वाढदिवसाला दिली होती. वर्षभर कपाटात पडून होती. आजपासून लिहायला घेते, कारण चर्चमध्ये काहीतरी शिजतंय. उद्या कोणी म्हणालं, बाई, असं काही झालंच नव्हतं, तर माझ्याकडे तारखा हव्यात.

नव्या पाळकसाहेबांनी (नवे म्हणजे आठ महिने झाले) पुढचे सात रविवार उपासनेत प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, घ्यायचं ठरवलंय. नुसतं वाचायचं नाही, गायचंसुद्धा. अडतीस वर्षं मी या चर्चचा ऑर्गन वाजवते. एवढ्या वर्षांत ते पुस्तक आम्ही उघडलं ते माणूस गेल्यावर, आणि तेही शेवटचं पान: अश्रू पुसले जातील, मरण उरणार नाही. मधले घोडे, कर्णे, टोळ आणि धूर यांच्याकडे कोणी फिरकत नाही. गीतपुस्तकात 'शेवटचा काळ' म्हणून एक भाग आहे, त्यात बावीस गीतं आहेत. बाकी सगळं पुस्तक मळलेलं, कोपरे दुमडलेलं, आणि ही बावीस गीतं कोरी करकरीत.

त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती चौथ्या रविवारला. त्या दिवशी देवाच्या हातातल्या गुंडाळीवरचा सातवा शिक्का. कोकऱ्याने, म्हणजे ख्रिस्ताने, तो फोडला तेव्हा स्वर्गात जवळजवळ अर्धा तास सगळं स्तब्ध होतं, असं तिथे आहे. तर आपणही अर्धा तास शांत बसायचं. गीत नाही, प्रार्थना नाही, ऑर्गन नाही.

हे सगळं पत्रकात छापलंय, म्हणून कळलं. बोलून दाखवलं ते नेहमीसारखं तोंडातल्या तोंडात. पण 'ऑर्गन नाही' हे शब्द आले तेव्हा साहेब माझ्याकडे बघत होते, हे मी पाहिलं. मी काय ते समजले. आज अर्धा तास. मग एक दिवस, बाई, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा. मी आराम करणार नाही. त्या बाकावरून मला उठवायचं असेल तर उचलून न्यावं लागेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज शेवटी वर गेलेच. आमच्या डोक्यावर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात, एकटेच. पहाटेपासून त्यांचा नळ चालू असतो. धो धो नाही, पण सतत, लांबून धरणाचं पाणी सोडल्यासारखं. दोन वर्षं ऐकतेय. वहिनीला विचारलं तर म्हणते, मला नाही बाई ऐकू येत. भावाच्या मागे नऊ वर्षं आम्ही दोघी एकत्र राहतोय, पण ती भांडणाला कधी बरोबर येणार नाही.

घड्याळवाल्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं, आणि एकेक नळ दाखवला. मोरीचा कोरडा, स्वयंपाकघरातला कोरडा. पाणी तरी वाहतच होतं. मी म्हटलं, मग भिंतीतला नळ फुटला असेल. ते काहीतरी पुटपुटले आणि मला खुर्ची दिली. अपराधी माणूसच इतका नम्र असतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गायकवृंदाची तालीम. मी आत गेले आणि सगळे गप्प. अकरा माणसं, त्यांत वहिनीही, तोंडं हलत होती ती एकदम मिटली. मी म्हटलं, चालू द्या तुमचं. सगळे हसले, खोटं खोटं.

कर्ण्यांचं गीत बसवलं. चाल जुनी आणि चांगली आहे, खालून एकेक पायरी चढत जाते आणि शेवटच्या ओळीत आभाळ फाटल्यासारखी मोकळी होते. लहानपणी हे शब्द मला कोणी नुसते वाचून दाखवले असते तर मी पलंगाखाली लपले असते. गायला लागलं की भीती वाटते, पण सगळ्यांची मिळून वाटते, त्यामुळे सोसते.

पण एक गोष्ट लिहून ठेवते. पूर्वी हे लोक गाताना पुस्तकात बघायचे. हल्ली सगळे माझ्या हातांकडे टक लावून असतात. चुका मोजतात की काय, कोण जाणे.

आणि चष्मिष. ही माझीच जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत संगीत शिकवते. जानेवारीपासून माझ्या शेजारी बसते, पानं उलटायला. अडतीस वर्षं माझी पानं मीच उलटली. ही पानं तर उलटतेच, वर लाकडी चौकटीवर पेन्सिलीने ठोके देते, माझ्या अगदी डोळ्यांसमोर. मला ताल शिकवते! तिच्या हाताला धरून मी सा कुठे असतो ते दाखवलं होतं. जागा कोणाला हवी आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला रविवार. वाचन बेकरीवाल्या बाईंचं होतं. पुटपुटल्या. हल्ली कोणाला खणखणीत वाचता येत नाही, शाळांमधून ते गेलंच. मी माझ्या पवित्र शास्त्रात बोट ठेवून वाचत होते म्हणून निभावलं. दिव्यांच्या मधोमध ख्रिस्त उभा, पाय तापलेल्या पितळेसारखे, आणि आवाज पुष्कळ पाण्याच्या आवाजासारखा. तिथे माझं बोट थांबलं. अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी त्या क्षणी ऐकत होते. चर्चमध्ये, दिवसाढवळ्या. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, डोकं ठिकाणावर ठेव. तो घड्याळवाल्यांचा नळ तुझ्या कानात बसलाय.

पुढे सात मंडळ्यांना पत्रं. प्रत्येक पत्राच्या शेवटी, ज्याला कान असेल त्याने ऐकावं, अशा अर्थाचं सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं. सात वेळा. सातही वेळा वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. सहज न बघणं वेगळं आणि ठरवून न बघणं वेगळं, एवढं मला कळतं.

१५ सप्टेंबर, रविवार

सिंहासन आणि चार प्राणी. 'पवित्र' तीनदा, मग पुन्हा तीनदा. छान झालं. फक्त पाळकसाहेबांची प्रार्थना संपली म्हणून मी आमेनचे सूर दिले, तर ते अजून डोळे मिटून बोलतच होते म्हणे. मी मान वर केली तेव्हा अख्खं चर्च वळून बघत होतं. एवढं मध्येच थांबून श्वास घ्यायचा तर माणसाने खूण करावी. उपासनेनंतर ते माझ्यापाशी आले आणि तोंड मोठं मोठं करून, एकेक शब्द सुटा करून बोलले, जणू मी परदेशातून आलेय. "छान, वाजवलंत, बाई." ही कसली बोलायची तऱ्हा?

गुरुवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाची बैठक आहे. वहिनी त्यात आहे. विषय विचारला तर म्हणाली, नेहमीचेच. वहिनीला खोटं बोलता येत नाही, तिची मान लाल होते. झाली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वाईट वागले, पण लिहिते. वहिनी बैठकीहून आली ती सरळ आंघोळीला गेली. तिची पर्स मी उघडली. मला बाकावरून उठवायचा ठराव सापडतो का, ते बघायचं होतं. ठराव नव्हता. कानाच्या डॉक्टरांचं कार्ड होतं, मागे पेनाने वेळ लिहिलेली: १० ऑक्टोबर, साडेअकरा.

मी तिथेच खुर्चीत बसले. आता सगळा उलगडा झाला. वहिनीला ऐकू येत नाही! म्हणूनच तिला नळ ऐकू येत नाही. म्हणूनच ती अलीकडे इतकं ओरडून बोलते. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. आणि हे ती माझ्यापासून लपवतेय, बिचारी. मी संगीतवाली, मला वाईट वाटेल म्हणून.

ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. फक्त तिच्याशी जरा मोठ्याने बोलायचं.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस वहिनीशी मोठ्याने बोलतेय. तीही तितक्याच मोठ्याने उत्तर देते. सकाळी चहा घेताना घड्याळवाले खाली आले आणि सगळं ठीक आहे ना, असं हाताने विचारून गेले. यांना चौकशा फार.

२५ सप्टेंबर, बुधवार

ऑर्गनची पायाखालची सगळ्यात डावीकडची पट्टी, खर्जाची, दाबली की वर येत नाही. स्प्रिंग दमलीय. पायाच्या बोटाने वर ढकलली की बसते. दुरुस्तीवाला २ तारखेला येईन म्हणतो. तोवर मी खाली पुठ्ठ्याची घडी सारून ठेवलीय.

चष्मिषने कागदावर लिहून विचारलं (हेही नवीनच, बोलायचं सोडून चिठ्ठ्या), रविवारी शांततेच्या वेळी ऑर्गनला हवा देणाऱ्या भात्याची मोटर बंद करायची का? मी म्हटलं, मुळीच नाही. बंद केलेली मोटर पुन्हा सुरू करताना धक्का बसतो, शांततेनंतरचं पहिलं गीत त्या धक्क्याने सुरू व्हायला नको. हे खरं कारण. दुसरं खरं कारण असं की एकदा यांनी मोटर बंद केली की ती पुन्हा सुरू होईल याची मला खात्री नाही.

मग पाळकसाहेबांनी तेच विचारलं. म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालंय.

२९ सप्टेंबर, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

शिक्क्यांचं वाचन झालं. पांढरा घोडा, तांबडा, काळा, फिकट. वाचणारे सुतार होते, लांबरुंद माणूस, पण फिकट घोड्यापाशी त्यांचे हात थरथरताना दिसले. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. अशा माणसाला हे वाचायला देऊ नये, असं मला वाटलं. मग वाटलं, दुसऱ्या कोणाला द्यावं? मग मी शांततेआधीचं गीत वाजवलं, शेवटचा स्वर खर्जात नेऊन सोडला, पट्टी बोटाने वर ढकलली, हात मांडीवर ठेवले. पाळकसाहेबांनी हात वर केला. अर्धा तास सुरू झाला.

पहिली पाच मिनिटं मी लोकांवर नजर ठेवून होते. सगळे माझ्याकडेच बघत होते. वहिनी अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. पाळकसाहेब तिच्याकडे, मग चष्मिषकडे बघून मान हलवत होते, नाही, नाही म्हणून. मी म्हटलं, हा कसला इशारा? तेवढ्यात चष्मिषचा हात मोटरच्या बटणाकडे गेला. मी तिचं मनगट धरलं. घट्ट. इतक्या पवित्र वेळी ही बाई माझा ऑर्गन बंद करायला निघाली! मी सोडलंच नाही. काही वेळाने तिने हात ओढायचं सोडलं, पण मी धरूनच होते.

आणि मग काय झालं ते मला सांगता येत नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. माझ्या बसायच्या बाकाला एक थरथर होती, अगदी बारीक, ती पाठीच्या कण्यातून वर आली. आणि कानातलं पाणी थांबलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. लांबचं धरण कोणीतरी बंद केल्यासारखं. मला रडू आलं. लोकांकडे बघितलं तर आता माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सुतारांनी डोकं पुढच्या बाकाला टेकवलं होतं. बेकरीवाल्या बाईंचे डोळे मिटलेले आणि चेहरा ओला. इतकी संपूर्ण शांतता मी जन्मात अनुभवली नाही. स्वर्गात अशीच असेल, आणि असेल तर मला मरायची भीती नाही.

पाळकसाहेबांनी हात खाली केला. मी पुढच्या गीतासाठी पाय सरकवले आणि वाजवलं. चष्मिषच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. तिने बाही खाली ओढली.

३० सप्टेंबर, सोमवार

काल बाहेर पडताना सुतारांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बोलले काही नाहीत, किंवा बोलले असतील. आणखी चारपाच जणांनी तसंच केलं. अडतीस वर्षांत एवढे हात कोणी धरले नव्हते, आणि ते मी काही न वाजवल्याबद्दल! संशयाला जागा आहे. ठराव झालाय आणि हा निरोप आहे, असं तर नाही?

पाणी पुन्हा वाहतंय.

२ ऑक्टोबर, बुधवार

दुरुस्तीवाला आला. पट्टी काढून दाखवली. माझी पुठ्ठ्याची घडी सरकून आत गेली होती आणि तिने पट्टी खालीच अडकवून धरली होती. मी म्हटलं, हे आजच झालं असेल. तो खांदे उडवून कामाला लागला.

मी घंटावाल्यांच्या खोलीत दुरुस्तीच्या पावतीवर त्यांची सही घ्यायला गेले. ते घंटा वाजवतात, दारं उघडतात, आणि प्रत्येक उपासनेची नोंद करतात, तीस वर्षं एकाच शाईत. वही उघडी होती. रविवारचं पान. उतरवून घेतलं, जसंच्या तसं:

"हजर एकशे बारा. वाचन सुतार. शांतता अर्धा तास. बाईंचा खालचा सूर पूर्ण अर्धा तास चालू राहिला, बाईंना ऐकू आला नाही. कोणी बंद केला नाही. कोणी उठून गेले नाही."

मी ते चारदा वाचलं. घंटावाले आले, मला तिथे बघून त्यांनी टोपी काढली. मी सही घेतली आणि घरी आले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि वहिनीला म्हटलं, माझ्याकडे बघून बोल आणि खरं बोल. कधीपासून?

तिची मान लाल झाली. तिने तीन बोटं दाखवली. तीन वर्षं.

मग ती बसली आणि बोलली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला आता कळतं की दोन-तीन वर्षं मी सगळ्यांच्या तोंडाकडेच बघतेय. गायकवृंद माझे हात बघतो, कारण त्यांना माझा वेग धरायचा असतो. मी त्यांच्यासाठी थांबणार नाही, हे त्यांना कळून चुकलंय. चष्मिष जानेवारीत स्वतःहून आली, ठोके द्यायला. पाळकसाहेब घरी आरशासमोर तोंड मोठं करून बोलायचा सराव करतात, हे पाळकबाईंनी वहिनीला सांगितलं. कार्ड माझ्यासाठी होतं. तीन आठवडे ती ते पर्समध्ये घेऊन फिरत होती, द्यायचा धीर होत नव्हता.

मी विचारलं, आणि ठराव? मला काढायचा ठराव कोणी मांडला? चष्मिषने?

वहिनीने टेबलावरची बशी बाजूला सारली. मग तोंड वर करून, मला दिसेल असं, हळू बोलली.

"मी मांडला, वन्सं. लोक हसतील तुम्हाला, ते मला बघवलं नसतं. चष्मिषने विरोध केला. म्हणाली, बाई वाजवतात तोवर मी पानं उलटेन. मग पाळकसाहेब म्हणाले, सात रविवार होऊ द्या."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग लाज वाटली, इतकी की कुठे बघावं कळेना. तीन वर्षं मी या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आंधळ्या कोशिंबिरीतला गडी होऊन फिरत होते आणि मला वाटत होतं की मीच त्यांना पकडतेय.

शेवटी विचारलं, रविवारी तू उठली होतीस. मग बसलीस का?

"साहेबांनी मान हलवली म्हणून बसले. वाटलं, पाच मिनिटांत कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. मग तो सूर थांबूच नये असं वाटायला लागलं."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तालमीला गेले नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. अडतीस वर्षांत पहिला रविवार. आज कर्ण्यांचं गीत होतं. मी खिडकीत बसून बोटांनी कठड्यावर वाजवलं, आणि पाणी वाहत होतं.

चिडलेय मी. त्यांनी दया दाखवली याबद्दल चिडलेय. दया दाखवली हे मला कळू दिलं नाही, याबद्दल जास्त. अर्धा तास शांततेचा म्हणून एकशे बारा माणसं आली, आणि ती शांतता अख्ख्या चर्चमध्ये मला एकटीलाच मिळाली. बाकीच्यांना माझा खर्ज.

वहिनी दुपारी आली. बेकरीवाल्या बाईंची चिठ्ठी घेऊन. चिकटवून ठेवते आहे, पण इथेही लिहिते, कारण डिंकाचा भरवसा नाही.

"बाई, माझे यजमान गेल्यापासून शांततेची मला दहशत आहे. घरात रेडिओ चालू ठेवून झोपते. पत्रकात अर्धा तास शांतता वाचून मी येणारच नव्हते. तुमचा सूर होता म्हणून बसू शकले. तो मुद्दाम होता की चुकून, ते मला कळायला नको आहे."

दोनदा वाचून वहिनीला परत दाखवली. तिने आधीच वाचली होती. सगळं माझ्याआधी वाचायची हिला सवय आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वर जाऊन घड्याळवाल्यांची माफी मागितली. त्यांनी खुर्ची दिली. मग कागदावर लिहिलं की त्यांनाही डाव्या कानात टिकटिक ऐकू येते, सगळी घड्याळं बंद असली तरी. मी विचारलं, मग तेव्हाच का सांगितलं नाहीत? त्यांनी लिहिलं, "सांगितलं होतं."

१० ऑक्टोबर, गुरुवार

साडेअकरा. वहिनी बरोबर आली. डॉक्टरीणबाई समोर बसून स्पष्ट बोलतात, ते आवडलं. यंत्र मिळेल, बोलणं पुष्कळ कळेल. पाणी ओसरेल, आटणार नाही. संगीत यंत्रातून पत्र्याचं वाटेल, आणि वरचे सूर गेले ते गेले. मी विचारलं, खालचे? म्हणाल्या, खालचे अंगाने कळतात, त्याला कान लागत नाही. मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तालमीला गेले. यावेळी सगळे खरोखरच गप्प झाले. मी म्हटलं, मला सगळं कळलंय, आता कोणी नाटकं करू नका. मग मी माझ्या बाकावरून उठले आणि चष्मिषला तिथे बसवलं. तिचं मनगट बघितलं. वळ गेले होते. मी म्हटलं, चुकले मी. तिने काय उत्तर दिलं ते मला दिसलं नाही, कारण तिने तोंड पुस्तकात घातलं होतं.

तिला एवढंच सांगितलं की काचेच्या समुद्राच्या गीतात डावा पाय आळशी ठेवू नकोस, आणि ती खर्जाची पट्टी दुरुस्त झाली आहे, आता ती कुठे अडकणार नाही. बाक उबदार होता अजून माझ्याने, आणि तिच्याकडे गेला. बस.

२० ऑक्टोबर, रविवार

शेवटचा रविवार. नवी नगरी, जिथे दिवा लागत नाही. तेरा तारखेला मी मागच्या बाकावर दाराजवळ बसले होते आणि कोणाकडे बघितलं नव्हतं. आज वहिनी गायकवृंद सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, जा तुझ्या जागेवर. ती हलली नाही.

चर्चची पुढची बाजू मी अडतीस वर्षांत धड पाहिलीच नव्हती. ऑर्गन कडेला, मान वळवून दिसेल तेवढीच. सुतार वाचायला उभे राहिले. अश्रू पुसले जातील, तीच जुनी, मळलेली ओळ. पण या वेळी ती घोडे आणि धूर आणि तो अर्धा तास ओलांडून आली होती, आणि सुतारांचा हात स्थिर होता. यंत्र यायला अजून आठवडा आहे, मला शब्द ऐकू आले नाहीत. बोट ठेवून वाचले.

मग गीत. सगळे उठले. मधल्या वाटेतून चष्मिषचा डावा पाय चालताना दिसत होता, शाबास. मी बाकाच्या पाठीवर तळहात ठेवला. काही लागलं नाही. दारापर्यंत पोचत नाही ती थरथर. पाणी मात्र वाहत होतं. उभ्या शंभरेक माणसांमध्ये मी एकटी कोरडी, असं वाटलं, आणि मला बाहेर जायचं होतं.

वहिनीने पुस्तकावरून नजर न काढता माझा हात ओढला आणि स्वतःच्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मधे. ती गात होती. माझ्या तळहाताखाली सगळं आलं: श्वास, ओळ, ओळीचा शेवट, पुन्हा श्वास. पाचही कडवी मी तशीच उभी होते आणि तोंडाने शब्द म्हणत होते. मोठ्याने म्हणत असेन, कारण पुढचे दोघे मागे वळले. वळू देत.

आणि एक गोष्ट कळली ती तारखेसह लिहून ठेवते. प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीला वहिनी घाई करते. अडतीस वर्षं मी पुरुषांना बोल लावत होते, पाठीमागे बसून कोण ओढतंय म्हणून त्यांच्यावर डोळे वटारत होते. ओढणारी ही होती. घरी येताना तिला तसं सांगितलं, तर ती मोठ्याने म्हणाली, "काहीतरीच तुमचं, वन्सं." पण मान लाल झाली.